‘साठ टक्के भाजली’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : पेपरात नेहमी येतं, ‘विवाहिता ६० टक्के भाजली’. हे टक्के डॉक्टर मोजतात कसे? अजिंठ्याहून घाटी रुग्णालयात पोचेपर्यंत घरच्यांनी काय करायचं? चुलतभाऊ फौजेत लडाखला आहे. तिकडे थंडीनेही बोटं ‘जळतात’ म्हणतो. त्यालाही हाच उपाय का?
— एक वाचक, अजिंठा (ता. सिल्लोड)

उत्तर : हे टक्के जखमेच्या खोलीचे नसतात. अंगावरची किती कातडी भाजली, त्याचे असतात. १९५१ मध्ये एडिंबरोचे शल्यविशारद अलेक्झांडर वॉलेस यांनी नवाचा हिशेब प्रसिद्ध केला, तोच आजही चालतो. मोठ्या माणसाचं डोकं-मान ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, छाती-पोट मिळून १८, पाठ १८ आणि उरलेला १ जननेंद्रियाचा. तान्ह्या बाळाचं मात्र डोकंच १८ टक्के धरतात. तेव्हा रांगत्या पोराने चहाचं पातेलं अंगावर ओढून घेतलं, तर ते ‘थोडंसं’ नसतं. शिंतोडे उडाले असतील तर रुग्णाचाच तळहात, बोटांसकट, साधारण एक टक्का. नुसती लाल झालेली कातडी यात धरत नाहीत.

खोली वेगळी पाहतात. फोड आलेली जागा भयंकर झोंबते. पांढरीफटक किंवा चामड्यासारखी झालेली जागा दुखतच नाही, कारण तिथल्या नसाच जळालेल्या असतात. दुखत नाही म्हणून हायसं वाटून घेऊ नका.

टक्क्यांचा खरा उपयोग सलाइनसाठी. भाजलेल्या अंगातून पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत राहतं. डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातलं जुनं सूत्र असं : ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले टक्के. ५० किलोची बाई ४० टक्के भाजली, तर पहिल्या २४ तासांत ८ लिटर. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत, आणि हे तास भाजल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. गाडी मिळेपर्यंत आणि रस्त्यात तीन तास गेले, तर तेच ४ लिटर ५ तासांत द्यावे लागतात. (काही डॉक्टर चारऐवजी दोनने सुरुवात करतात. पुढे लघवी किती होते ते पाहून कमी-जास्त करतात.) म्हणून मोठं भाजलं असेल तर वाटेत सिल्लोडलाच सलाइन सुरू करून घ्यावं.

घरच्यांचं काम पाण्याचं. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं गार पाणी सोडत राहा. पहिल्या तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चटके देतं, तेव्हा माठातलं तांब्याने ओता. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप तर नकोच. दवाखान्यात ते खरवडून काढावं लागतं, आणि त्याच्याखाली किती भाजलंय ते दिसत नाही. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. चिकटलेली नायलॉनची साडी ओढू नका. मग धुतलेला सुती पंचा सैलसर गुंडाळा आणि बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. लहान पोरं पाण्याने फार लवकर गारठतात. आवाज घोगरा झाला, नाकात काजळी दिसली किंवा विजेच्या पंपाचा शॉक बसला, तर टक्के कितीही कमी असोत, थांबू नका. शॉकमध्ये बाहेर चण्याएवढा डाग असतो आणि आतला स्नायू शिजलेला असतो.

आता चुलतभाऊ. हिमदंशात गोठलेली बोटं ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवतात, मऊ आणि लालसर होईपर्यंत. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. शेकोटीपाशीही धरायची नाहीत. बोटं बधिर असतात, भाजली तरी कळत नाही. बोट पुन्हा गोठण्याचा धोका असेल, तर छावणीत पोचेपर्यंत ते वितळवूच नये. एकदा सुटून परत गोठलेलं बोट बहुधा कापावंच लागतं.

तुमच्याकडे असा प्रसंग आलाच, तर १०८ ला फोन करा आणि किती वाजता भाजलं ते कागदावर लिहून रुग्णाबरोबर द्या. डॉक्टरांचा पहिला हिशेब त्याच आकड्यावरून होतो.