संगणकांतील मापकें व त्यांची पारख

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत चैत्र-वैशाखाचे दिवस कसे जातात हें तुम्हांस नव्यानें सांगावयास नको. शेतांत राब भाजले जात असतात, वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, आणि त्यांची राख व धूळ वाऱ्याबरोबर शाळेच्या खोल्यांतून फिरत असते. अशाच एखाद्या दुपारीं संगणकवर्गांतील एखादें यंत्र काम चालूं असतांना एकाएकीं बंद पडतें, आणि "यंत्र तापलें" असें म्हणून सर्वजण मोकळे होतात. यंत्र खरोखरच तापलें काय, आणि तापलें असें कोण सांगतें, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाहीं. ते कसे विचारावे हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ जिज्ञासेचा नव्हे. शिष्यवृत्तीचे अर्ज आतां संगणकावरूनच भरावे लागतात, आणि वाडीपाड्यांवरून येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरीं संगणक नसतो. त्यांस शाळेंतील यंत्र हाच आधार. आमच्या माहितीच्या एका शाळेंत (नांवाशीं आपणांस कर्तव्य नाहीं) एका यंत्राच्या पडद्यावर १२७ अंश उष्णतामान दिसूं लागलें. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं तो आंकडा पाहतांच मदरबोर्ड जळाल्याचा निकाल दिला. नवा घेण्यास पैसे नव्हते. यंत्रावर कापड घालून तें कोपऱ्यांत ठेवण्यांत आलें व वर्षभर तसेंच राहिलें. मुलें एकेका यंत्रापुढें पांच-पांच बसलीं. पुढें एका जाणत्या मनुष्यानें तें उघडलें, तेव्हां मदरबोर्ड निर्दोष निघाला. पंख्याच्या पात्यांवर व त्याखालील ॲल्युमिनियमच्या फण्यांत धुळीचा जाड थर बसला होता, इतकेंच. मग १२७ अंश आले कोठून?

मदरबोर्डावर देखरेखीसाठीं एक चिप असते. तिला अनेक तापमापक जोडण्याची सोय असते. कारखानदार पुष्कळदां त्यांतील दोनच जोडतो व तिसऱ्याची जागा रिकामी सोडतो. चिप मात्र रिकाम्या जागेचेंही वाचन घेते. अशा पुष्कळ चिपा उष्णतामान द्विमान पद्धतीच्या आठ स्थानांत लिहितात, आणि आठ स्थानांत उणे १२८ पासून अधिक १२७ पर्यंतचेच पूर्णांक मावतात. तार जोडलेलीच नसली म्हणजे वाचन या मर्यादेच्या एका टोंकास जाऊन बसतें. म्हणून १२७ किंवा उणे १२८ असा आंकडा दिसल्यास तो उष्णतेचा नव्हे, तर "या जागेवर कोणी नाहीं" असा निरोप आहे असें प्रथम समजावें.

प्रोसेसरच्या पोटांतील मापक याहून निराळा. इंटेलच्या प्रोसेसरांतील मापक मुळांत उष्णतामान सांगतच नाहीं. ठरलेल्या कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खालीं आहोंत एवढेंच तो सांगतो. मर्यादा १०० अंश असेल व मापक ४० म्हणाला, तर पडद्यावरील प्रोग्राम वजाबाकी करून ६० दाखवितो. प्रोग्रामनें मर्यादाच चुकीची धरली तर उत्तरही तितकेंच चुकतें. शिवाय हा मापक मर्यादेजवळ विश्वसनीय व थंड स्थितींत ढिला असतो, कारण यंत्रास जळण्यापासून वांचविणें हें त्याचें काम आहे, हवामान सांगणें हें नव्हे. एएमडी कंपनीची तऱ्हा आणखी वेगळी. इ. स. २०१७ मध्यें निघालेले तिचे रायझेन १७००एक्स व १८००एक्स हे प्रोसेसर खऱ्याहून २० अंश अधिक असा आंकडा कळवीत, आणि हें मुद्दाम केलेलें होतें. हेतु हा कीं, त्या मालिकेंतील सर्व प्रोसेसरांचे पंखे एकाच नियमानें चालावे. ज्या ग्राहकांस हें ठाऊक नव्हतें ते गोंधळले यांत नवल नाहीं.

उपकरणाची साक्ष कशी तपासावी याचा एक उत्तम दाखला आपल्याच कोंकणपट्टींत घडलेला आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत इ. स. १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें होत असत. इ. स. १८९६ मध्यें नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढें मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजीं विजेवर चालविण्याचा बेत ठरूं लागला. रुळांतून जमिनींत झिरपणाऱ्या विजेचें स्वतःचें चुंबकत्व असतें. वेधशाळेची सुई तें इमानानें नोंदणार, परंतु ती नोंद पृथ्वीची नसून ट्रामची होणार, हें मूस यांनीं आधींच ओळखलें. त्यांनीं अलिबाग हें ठिकाण पसंत केलें. आपल्याकडील काळ्या दगडांत चुंबकीय लोहद्रव्य असतें, म्हणून तेथील इमारतीसाठीं पारखून घेतलेला पोरबंदरचा वाळूचा दगड वापरला. परंतु आमच्या मतें त्यांची खरी दूरदृष्टि पुढेंच आहे. अलिबागेस इ. स. १९०४ मध्यें काम सुरू झालें तरी कुलाब्याचीं उपकरणें लगेच बंद केलीं नाहींत. १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं वाचनें घेतलीं. दोहोंमध्यें अंतर किती पडतें हें त्यायोगें निश्चित झालें, आणि साठांहून अधिक वर्षांची जुनी नोंद नव्या नोंदीस सांधतां आली. विजेची ट्राम मुंबईंत धांवूं लागली ती १९०७ मध्यें.

हीच रीत शाळेंतील यंत्रास लावतां येते. रात्रभर बंद असलेलें यंत्र सकाळीं चालूं करावें व लगेच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबावी, म्हणजे बायॉसचा पडदा उघडतो. त्यांत बहुधा हार्डवेअर मॉनिटर नांवाचें पान असतें. प्रयोगशाळेंतील तापमापक शेजारीं टांगावा. थंड यंत्राचे आंकडे खोलीच्या उष्णतामानाहून थोडे वर असावयास पाहिजेत. पंखा वारा घालतो, थंडी निर्माण करीत नाहीं. म्हणून खोलींतील हवेहून थंड असा भाग यंत्रांत असूं शकत नाहीं. मे महिन्यांत मुरबाडास खोलींत ३६ अंश असतां यंत्र २२ सांगूं लागलें, तर तें खोटें ठरविण्यास आणखी उपकरण नको.

नंतर यंत्रास कांहीं जड काम द्यावें. खरा मापक कामाबरोबर हलतो. प्रोसेसरचा आंकडा एकदोन सेकंदांत २० अंश चढला तरी भिऊं नये, सिलिकॉनचा तो तुकडा नखाएवढाच असतो. मदरबोर्डाचा आंकडा मात्र सावकाश चढावा, आणि काम थांबल्यावर दोन्ही उतरावे. जो आंकडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागीं खिळून राहतो त्याची साक्ष घेऊं नये. आतां समजा, प्रोसेसर ९० च्या पुढें गेला. यंत्र बंद करून, प्लग काढून, लगेच फण्यांस जपून हात लावून पहावा. फण्या गरम असतील तर उष्णता वर येत आहे पण वारा ती नेत नाहीं, म्हणजे दोष धुळीचा किंवा पंख्याचा. फण्या थंडच लागल्या, तर उष्णता त्यांच्यापर्यंत पोंचतच नाहीं; मधील थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा पकड सैल झाली आहे. या एका हात लावण्यानें जेवढें कळतें तेवढें पडद्यावरील दहा आंकड्यांनीं कळत नाहीं.

पंखा डोळ्यांदेखत फिरत असून पडद्यावर शून्य दिसल्यास त्याच्या तारा मोजाव्या. दोनच असतील तर फेऱ्यांची वर्दी देणारी तिसरी तार त्यास नाहींच. १२ व्होल्टच्या जागीं ८ दिसल्यास यंत्र चालूं कसें, हा प्रश्न स्वतःस विचारावा. ११·४ ते १२·६ पर्यंतचा फरक क्षम्य आहे. ८ हा बहुधा प्रोग्रामच्या गुणाकाराचा दोष. शिक्षकांनीं मोकळ्या जोडणींतील पिवळी व काळी तार मल्टिमीटरनें मोजून पहावी. वीज पुरविणारी पेटी मात्र कोणींही उघडूं नये.

यंत्राचें घड्याळ हेंही मापकच. मदरबोर्डावरील सीआर-२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला म्हणजे वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षें मागें जाते, आणि मग सुरक्षित संकेतस्थळें उघडत नाहींत. मुलाचा अर्ज भरला जात नाहीं, आणि बोल लागतो इंटरनेटला. सेल थोडक्या पैशांत कोठेंही मिळतो.

तथापि, नको असलेला प्रत्येक आंकडा खोटा मानण्याची खोड याहून वाईट. बायॉसमधील धोक्याची सूचनाच बंद करून टाकणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. यंत्र आपण होऊन बंद पडतें तें स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं. तें तोंड दाबल्यास पुढच्या वेळीं खरोखरच जळेल.

प्रत्येक यंत्राशेजारीं एक वही दोऱ्यानें बांधून ठेवावी. तींत तारीख, खोलीचें उष्णतामान, प्रोसेसर, मदरबोर्ड व पंखा एवढेच रकाने पुरेत. साफसफाईपूर्वीं वाचन घ्यावें व सफाईनंतर त्याच वेळेस, तेंच काम देऊन, पुन्हां घ्यावें. नाहींतर सफाईनें काय साधलें हें कळावयाचें नाहीं. राब भाजणीचे दिवस संपल्यावर एकदां व दिवाळीच्या सुटींत एकदां मऊ ब्रशनें धूळ काढावी, आणि त्या वेळीं पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, म्हणजे तो उलट फिरून बिघडणार नाहीं.