डब्यातला रंग आणि पापणीवरचा रंग

नवरीचा मेकअप हे माझं काम. त्यामुळे आयशॅडोची पॅलेट्स हाताखालून सतत जात असतात. काही मी घेतलेली, काही नवरीने हौसेने आणलेली, काही तिच्या परदेशातल्या मावशीने पाठवलेली. ‘यातलं चांगलं कोणतं गं?’ हा प्रश्न मला नेहमी येतो आणि प्रत्येक वेळी मी थोडी थांबते. जे जसं उमगत गेलं ते तसंच इथे मांडते आहे.

१. बोटाने हातावर ओढलेल्या रेघेवरून मी आता पॅलेट ठरवत नाही. दुकानात आपण सगळ्याजणी तेच करतो. बोट पॅनवर फिरवायचं आणि मनगटाच्या आतल्या बाजूला ओढायचं. रेघ देखणी उमटते. पण बोटाला ऊब असते, थोडं तेल असतं, वर दाब असतो, त्यामुळे कोणतीही भुकटी त्वचेवर घट्ट बसते. पापणीचं तसं नाही. ती मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटते, तिच्यावरची त्वचा सगळ्या शरीरात पातळ, आणि मधोमध घडी. म्हणून मी ब्रश घेते आणि हलक्या हाताने, प्राइमर न लावलेल्या पापणीवर रंग लावून बघते. पहिल्या हातात किती रंग आला, याचं मला फार वाटत नाही. दुसरा थर पहिल्यावर बसतो, की पहिल्यालाच उचलून नेतो? माझा अर्धा निर्णय तिथेच होतो.

२. सगळ्यात साधी दिसणारी शेड बनवायला सगळ्यात अवघड असते. पॅलेट उघडलं की नजर जाते सोनेरी, तांबूस शिमरकडे. शिमरमध्ये अभ्रकाचे चपटे कण असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ लेप. हे कण एकमेकांवरून घसरतात, त्यांत तेलाचा अंशही बहुधा जास्त असतो, म्हणून ब्रशला ते लोण्यासारखे लागतात. बेतास बात पॅलेटमधलंही शिमर बऱ्यापैकी निघतं ते यामुळेच. मॅटला असा आधार नाही. शंखजिऱ्याची भुकटी, लोहाच्या ऑक्साइडचे लाल-पिवळे-काळे रंग आणि त्यांना धरून ठेवणारं थोडं द्रव्य, एवढ्यावर ते उभं असतं. दळण आणि मिश्रण एकजीव झालं नसेल तर पापणीवर डाग डाग दिसतात. म्हणून मी आधी मातकट तपकिरी मॅट तपासते, मग गडद निळी किंवा जांभळी. निळ्या मॅटची कड त्वचेत विरत जावी आणि मध्ये कुठे फट दिसू नये, हे जमवणाऱ्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

३. भुकटी उडते म्हणजे माल वाईट, असं समजणं घाईचं आहे. दाबून बसवलेल्या रंगात चिकटवणारं द्रव्य किती घालायचं, हा सगळा तोल आहे. ते कमी झालं की भाकरीच्या पिठाला पाणी कमी पडल्यासारखं होतं, कडा फुटतात. जास्त झालं की पॅन टणक होतो, ब्रश नुसता वरून फिरतो आणि हाती काही लागत नाही. दोन्हींत निवड करायची तर मी मऊ पॅन घेईन. ब्रश झटकायचा, डोळे आधी करायचे, गालावर पडलेली भुकटी पुसायची आणि मग फाउंडेशन लावायचं. टणक पॅनला मात्र फारसा उपाय नाही. एक अपवाद आहे: सुरुवातीला छान निघणारी शेड काही दिवसांनी चकचकीत, कडक होते. ब्रशमधून आलेलं त्वचेचं तेल वर साचून त्याची साय धरते. सेलोटेप अलगद लावून काढली की खालचा रंग पुन्हा मोकळा होतो. अशा वेळी पॅलेट फेकून देऊ नये.

४. आपल्या त्वचेवर येईपर्यंत शेडचं खरं रूप कळत नाही. ‘अर्बन डिके’चं ‘नेकेड’ २०१० साली आलं, त्यात बारा शेड्स होत्या. २०१८ मध्ये ते बंद झालं. त्या यशानंतर बदामी, वाळूसारख्या, फिकट तपकिरी रंगांची बाजारात लाटच आली. गव्हाळ आणि सावळ्या पापण्यांवर त्या लाटेतले कितीतरी रंग एक तर दिसेनासे व्हायचे, नाही तर राखेसारखे पडायचे. फिकट शेडमधला पांढरा आधार, म्हणजे शंखजिरं आणि टायटॅनियम डायऑक्साइड, गोऱ्या त्वचेत मिसळून जातो. आपल्या त्वचेवर तो खडूसारखा वर राहतो. २०१६ मध्ये अनास्तासिया बेव्हर्ली हिल्सचं ‘मॉडर्न रेनेसाँस’ आलं. चौदा शेड्स, त्यांत विटकरी, गेरू, डाळिंबी असे उबदार रंग. हे रंग आपल्याकडच्या चेहऱ्यांवर मनापासून खुलतात, असं माझं ठाम मत आहे. पैठणीच्या काठाशी त्यांचं नातं मुद्दाम जुळवावं लागत नाही.

आणि हळद! लग्नाच्या दिवशी नवरीच्या त्वचेवर हळदीची पिवळी झाक उरलेली असते. पिवळा आणि जांभळा समोरासमोरचे रंग, एकत्र आले की एकमेकांना मळवतात. ट्रायलच्या दिवशी मोहक दिसलेला जांभळा हळदीनंतर मातकट दिसू शकतो. हे कुठल्याही डब्यावर छापलेलं नसतं. म्हणून जांभळा हवाच असेल तर मी खाली पापणीच्या रंगाचा बेस आधी लावून घेते.

५. ‘टिकतं का?’ या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. रंग फिका पडतो का, घडीत गोळा होतो का, खाली झडतो का, आणि रंगच बदलतो का. प्रत्येकाचं कारण वेगळं. पापणीचं तेल भुकटीत मुरतं, भुकटी ओलसर होते आणि प्रत्येक उघडझापीबरोबर घडीकडे सरकते; रेघ पडते ती अशी. तेच तेल मॅटला गडद करतं आणि शिमरची चमक मारतं. झडण्याचा त्रास मोठ्या चमकीच्या शेड्सना जास्त. प्लॅस्टिकची जाड चमकी तर मी डोळ्याजवळ आणतच नाही. कण डोळ्यात गेला तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

सकाळच्या मुहूर्ताचं लग्न ही खरी कसोटी असते. पहाटे अंधारात डोळे रंगवायचे. मग होमाचा धूर, मंगलाष्टकांच्या वेळी भरून येणारे डोळे, कोकणात मे महिना असेल तर घामही, आणि शेवटी पाठवणी. रंगाचे आणि अभ्रकाचे बहुतेक कण पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे अश्रूंपेक्षा रुमाल जास्त नुकसान करतो. करवलीला मी आधीच सांगून ठेवते: पुसू नकोस गं, टिपून घे.

घरी तपासायचं तर माझी रीत साधी आहे. एका पापणीवर प्राइमर, दुसरीवर काही नाही, दोन्हींवर तोच रंग. दुपारी आणि संध्याकाळी त्याच खिडकीपाशी बघायचं, मध्ये हात लावायचा नाही. प्राइमरची बाजू चांगली टिकली तर त्यातलं बरंचसं श्रेय प्राइमरचं. नुसती बाजू किती उरली, त्यावरून पॅलेटची पारख होते.

६. नवरीपेक्षा नवरीच्या आईच्या पापणीने मला जास्त शिकवलं. ‘मला ते चमचम नको हं,’ असं काकू खुर्चीत बसतानाच म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं. सैल पडलेल्या पापणीवर मोठे चमकदार कण प्रत्येक सुरकुतीला उजेडात आणतात. पण अगदी बारीक कणांचा, साटिनसारखा मंद रंग तिथे इतका सुरेख बसतो की काकू आरसा खाली ठेवत नाहीत. मुलीला आणि आईला एकाच डब्यातून सजवता आलं, की तो डबा माझ्या पेटीत कायमचा राहतो.

७. किंमत आणि दर्जा यांची गाठ मला वाटायची तितकी घट्ट निघाली नाही. कित्येक सौंदर्यप्रसाधन कंपन्यांचे स्वतःचे कारखानेच नसतात. मिलानजवळची १९७२ साली सुरू झालेली ‘इंटरकोस’ जगभरच्या ब्रँड्ससाठी मेकअप बनवून देते. एकाच छताखालून वेगवेगळ्या नावांचा माल बाहेर पडतो. आपण पैसे मोजतो त्यात आरसा, चुंबकाचं झाकण, जाड पुठ्ठा हेही आलं. म्हणून मी डबा उलटा करून निव्वळ वजन बघते आणि ग्रॅमला किती पडतं, याचा हिशेब करते. त्याच बाजूला बॅच क्रमांक, मुदत आणि उघड्या बरणीच्या चिन्हातला महिन्यांचा आकडाही असतो. भडक लाल-गुलाबी शेड्स असतील तर बारीक अक्षर वाचावंच. काही लाल रंगांना अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायला परवानगी नाही, म्हणून ‘डोळ्यांच्या अगदी जवळ वापरू नये’ अशी ओळ तिथे सापडते. काही रंग पुसल्यावरही पापणीवर गुलाबी डाग ठेवून जातात. आणि कार्माइन हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळतो. पक्क्या शाकाहारी घरात हे आधी सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

८. पॅलेटबद्दलचा शेवटचा शब्द खड्डा पडलेल्या पॅनचा असतो. वापरून झालेला डबा उघडा. बारातल्या तीन-चार शेड्सच्या तळाचा पत्रा दिसत असतो, बाकीच्या जवळजवळ कोऱ्या. माझ्याकडे नेहमी तीच तपकिरी, तीच विटकरी, तोच मंद सोनेरी संपतो. हल्ली नवं मोठं पॅलेट घेण्याआधी मी हा जुना डबा समोर ठेवते, आणि बऱ्याचदा त्या शेड्सचे सुटे रिफिलच घेते. २६ मिलीमीटरचे गोल पॅन सहज मिळतात आणि चुंबकाच्या रिकाम्या डब्यात बसतात. पॅन पत्र्याचा आहे की ॲल्युमिनियमचा, एवढं मात्र घेतानाच विचारा. ॲल्युमिनियमचा चुंबकाला चिकटत नाही, त्याच्या खाली लोखंडी चकती चिकटवावी लागते.