नाडी पावलातही पाहावी

प्रश्न : आम्ही जाम चौरस्त्याजवळ राहतो. अपघात झाला की आधी गावकरीच धावतात. जखमी पायात रक्त पोहोचतेय का, हे कसे ओळखावे?

उत्तर : नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या, चंद्रपूरकडे फाटा फुटणाऱ्या गावात हे प्रत्येकाला यायलाच हवे. मनगटावरची नाडी बहुतेकांना ठाऊक असते. पण मांडी किंवा नडगी मोडली असेल, तर पाऊल तपासावे. पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध, तर्जनी आणि मधले बोट अलगद टेकवावे. जोर दिला तर नाडी दबते. अंगठा वापरला तर त्याचीच धडधड जाणवते. तिथे नाही लागली, तर आतल्या घोट्याच्या मागे शोधावी.

काही धडधाकट माणसांतही पावलावरची नाडी हाताला लागत नाही. म्हणून दुसऱ्या पायाशी ताडून पाहणे फार महत्त्वाचे. एकच पाय गार, फिकट आणि नाडीविना असेल, तर 108 वर नेमके तेच सांगावे : रक्त अडले तर साधारण 6 तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात.

जखमी बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल, तर मात्र नाडी शोधण्यात वेळ घालवूच नये. छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 दाब लगेच सुरू करावेत.