नाव एक, ताकद वेगळी

जव्हार-मोखाड्यातील आपल्या दुकानदार व कारागीर बांधवांनी संगणक घेताना केवळ ‘आय-फाइव्ह, दहा कोअर’ या शब्दांवर जाऊ नये, असे आम्ही सुचवतो. कोअर म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात. इंटेलने २०२३ साली आणलेले दोन प्रोसेसर पाहू. डेस्कटॉपच्या आय-फाइव्ह १३४०० चा मूळ वीजखप ६५ वॅट. दहापैकी सहा कोअर वेगवान. लॅपटॉपच्या आय-फाइव्ह १३३५यू चा १५ वॅट. वेगवान कोअर दोनच. पातळ पेटीत उष्णता कोंडते, म्हणून लांबलेल्या कामात तो मंदावतो. बिले व हिशेबाला मात्र तो पुरेसा, शिवाय वीज गेली तरी बॅटरीवर चालतो. दिवसभर व्हिडिओ जोडणाऱ्याने डेस्कटॉप घ्यावा, सोबत यूपीएस. पैसे मोजण्यापूर्वी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा.