इमारतीच्या इतिहासाचा पाठ : मुंबईचा टाऊन हॉल

प्राथमिक शाळेतील इतिहासाचा तास बहुधा राजे, लढाया आणि सनावळी यांतच संपतो. गावची चावडी, धर्मशाळा, देवळाची ओवरी किंवा एखादा जुना वाडा मुलांच्या रोजच्या वाटेवर असतो. परंतु त्यालाही इतिहास आहे, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. इमारतीचा इतिहास म्हणजे केवळ ती बांधल्याची तारीख नव्हे. ती कोणी व कशासाठी बांधली, तिच्यात कोणाला प्रवेश होता आणि काळाबरोबर तिचा उपयोग कसा पालटला, हा तिचा खरा इतिहास होय. अशा पाठाचा नमुना म्हणून मुंबईच्या टाऊन हॉलची हकीकत येथे दिली आहे.

इमारत कशी उभी राहिली

इ. स. १८०४ मध्ये मुंबईचे तत्कालीन न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यांनी विद्याव्यासंगी इंग्रज गृहस्थांचे एक मंडळ स्थापन केले. त्यास 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' असे नाव होते. शहरात सार्वजनिक सभागृह असावे, ही कल्पना त्यांनीच १८११ साली पुढे मांडली. पैशासाठी सोडत काढण्यात आली; परंतु ती रक्कम पुरेना. काम वारंवार रखडले आणि अखेर सरकारने वाढीव खर्चाचा भार उचलला. १८३३ साली, म्हणजे कल्पना निघाल्यापासून बावीस वर्षांनी, इमारत पूर्ण झाली. तिचा आराखडा कर्नल थॉमस कूपर यांचा होता. दर्शनी भागी ग्रीक पद्धतीचे आठ भव्य स्तंभ आणि तेथवर चढत जाणाऱ्या तीस पायऱ्या, असे तिचे रूप आहे. दर्शनी बाजूची रुंदी सुमारे २०० फूट आहे. समोरच्या मोकळ्या मैदानाच्या जागी पुढे वर्तुळाकार बाग झाली. तीच आजची हॉर्निमन सर्कल होय.

उपयोग कसे पालटले

नाव टाऊन हॉल, म्हणजे नगराचे सभागृह. परंतु या एका छपराखाली अनेक संस्थांचा संसार झाला. मॅकिंटॉश यांच्या मंडळाचे ग्रंथालय येथे आले. तेच मंडळ आज 'एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई' या नावाने ओळखले जाते. एल्फिन्स्टन कॉलेजचे आरंभीचे वर्ग येथेच भरत. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याला स्वतःची वास्तू नव्हती. त्याचे दप्तर प्रथम टाऊन हॉलमध्येच होते. याच विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी या इमारतीच्या पायऱ्यांवरून राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचण्यात आला आणि कंपनी सरकारचा अंमल संपून राणीचा अंमल सुरू झाल्याचे मुंबईकरांनी ऐकले. २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाची पहिली बैठक येथील दरबार दालनात झाली. तिच्या नेमलेल्या सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. पुढे त्यांचा संगमरवरी पुतळा याच इमारतीत बसविण्यात आला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूप खणून काढला. त्यात मिळालेला अस्थिकरंडक व बुद्धमूर्ती यांचे जतन सोसायटीने केले. आज या इमारतीत सोसायटीचे ग्रंथालय तर आहेच, पण खालच्या मजल्यावर मुद्रांक कार्यालयही आहे. खरेदीखताच्या कामासाठी आलेला मनुष्य आणि पोथी चाळणारा संशोधक एकाच वास्तूत येतात.

पाठातील मर्म

हे उपयोग क्रमाने पाठ करून घेण्यात फारसे हशील नाही. मुलांपुढे मुख्यतः एक प्रश्न ठेवावा : या तीस पायऱ्या कोणाला चढता येत होत्या? सोसायटी स्थापन झाल्यानंतर छत्तीस वर्षे तिचा एकही सभासद भारतीय नव्हता. १८४० साली माणेकजी करसेटजी यांना प्रवेश मिळाला; ते पहिले भारतीय सभासद. पुढच्या पिढ्यांत चित्र पालटले. रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात काही वर्षे शिक्षक असलेले पांडुरंग वामन काणे पुढे या सोसायटीचे आधारस्तंभ झाले. धर्मशास्त्राचा पंचखंडात्मक इतिहास लिहिणाऱ्या या पंडितास १९६३ साली भारतरत्न हा किताब मिळाला. सोसायटीच्या संशोधन संस्थेस आज त्यांचेच नाव आहे. इमारत तीच राहिली. तिचा दरवाजा मात्र हळूहळू रुंद होत गेला.

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. टाऊन हॉलमध्ये ज्याची पहिली बैठक झाली, त्या कायदेकौन्सिलाचा पुढे विस्तार झाला. १९२३ साली तेथे सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या ही सर्व स्थाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. ठराव झाला म्हणून गावोगावचे दरवाजे लगेच उघडले नाहीत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा एखाद्या वास्तूच्या नावात 'सार्वजनिक' हा शब्द असला, तरी ती खरोखर सर्वांची केव्हा झाली, हे निराळे शोधावे लागते.

वर्गात काय करावे

इयत्ता चौथीच्या पुढील मुलांसाठी हा पाठ तीन तासांत घ्यावा. पहिल्या तासात वरील हकीकत गोष्टीरूपाने सांगावी आणि फळ्यावर काळरेषा काढावी. दुसऱ्या तासात मुलांना गावातील एका जुन्या इमारतीपाशी न्यावे. ज्या गावी शाळा पूर्वी देवळाच्या ओवरीत किंवा चावडीत भरत असे, तेथे तीच जागा निवडणे उत्तम. मुलांनी पुढील प्रश्नांची उत्तरे वडीलधाऱ्या मंडळींना विचारून वहीत टिपून घ्यावीत :

१. ही इमारत कोणी, केव्हा व कोणाच्या पैशाने बांधली?
२. प्रथम तिचा उपयोग काय होता? नंतर काय झाला?
३. येथे कोणाला येता येत नसे? ते केव्हापासून येऊ लागले?
४. आज तिची देखभाल कोण करते?

तिसरा प्रश्न विचारताना शिक्षकाने विशेष सांभाळून घ्यावे. कोणत्याही मुलाला आपल्या घराण्याबद्दल चारचौघांत खाली पाहावे लागेल, असे घडू देऊ नये. मात्र प्रश्न नाजूक आहे म्हणून तो गाळूही नये. स्त्रियांनाही हा प्रश्न अवश्य विचारावा. चावडीच्या पायरीची त्यांची आठवण पुरुषांच्या आठवणीहून निराळी असते.

तिसऱ्या तासात मिळालेली उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत. दोन माणसांनी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या असतील, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात आणि दगडावरील लेख, ग्रामपंचायतीचे दप्तर किंवा शाळेचे जुने हजेरीपट यांतून खरे काय ते पडताळून पाहावे. शाळेच्या हजेरीपटात मुलींची व सर्व समाजांच्या मुलांची नावे प्रथम कोणत्या साली दिसतात, हे शोधणे हाच एक उत्तम स्वाध्याय होईल.

सर्व टिपणे एका जाड वहीत उतरवून ती शाळेच्या कपाटात ठेवावी आणि दरवर्षीच्या वर्गाने तीत भर घालावी. टाऊन हॉलची हकीकत कागदोपत्री टिकली, म्हणून ती आज सांगता येते. गावच्या चावडीची हकीकत मात्र बहुधा वृद्धांच्या स्मरणातच असते. ती लिहून घेण्यास शाळेखेरीज दुसरे कोणी सहसा पुढे येत नाही.