सुट्या कुसूचा सांधा

लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे कुसू. सुट्या कुसूत दोन्ही लाकडांना भोके पाडून मध्ये वेगळी पट्टी घालतात. सुमारे ३३०० वर्षांपूर्वी बुडालेल्या उलुबुरुनच्या जहाजाच्या फळ्या अशाच जोडलेल्या होत्या.

नवशिक्या मित्रांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. दोन्ही लाकडांच्या दर्शनी बाजूंवर खूण करावी व भोकांची मापे तिथूनच घ्यावीत. मग भोक मध्यापासून किंचित सरले तरी दोन्हीकडे सारखेच सरते आणि चौकट सपाट राहते. एकाचे माप पुढून व दुसऱ्याचे मागून घेतल्यास चूक दुप्पट होते.

पट्टी लाकडाच्या एकतृतीयांश जाडीची असावी, तिच्या रेषा लांबीच्या दिशेने असाव्यात. ती हाताच्या दाबाने बसावी. ठोकावी लागली तर लाकूड चिरते. ढिली राहिली तर माढ्याच्या उन्हाळ्यात लाकूड आटून सांधा खिळखिळा होतो.