रान मोडण्याआधी पंचनामा

कांद्याच्या बियाण्यात फसगत झाली, की ती कळेपर्यंत हंगाम सरत आलेला असतो. रोप तरारून येतं, लागण होते, खुरपणी-खतं होतात आणि कांदा पोसायच्या वेळी वाफ्यात डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, उभे राहतात. निमगाव केतकीजवळच्या माझ्या रानात हेच झालं. बियाणं बारामतीच्या एका दुकानातून पक्क्या पावतीवर घेतलेलं. दुकानदार म्हणाला, "हवामानाचा फटका आहे, सगळीकडंच झालंय." कंपनीच्या माणसानं पुढच्या हंगामाला एक पिशवी फुकट देऊ केली. मी ती घेतली नाही.

हवामानाचं कारण अगदीच खोटं नसतं. थंडी लांबली तर चांगल्या बियाण्यालाही डेंगळे येतात, म्हणून तक्रारीत हा मुद्दा आधी खोडून काढावा लागतो. बांधापलीकडं चुलतभावाचा कांदा होता. लागण त्याच आठवड्यातली, पाणी एकाच विहिरीचं, बियाणं मात्र दुसऱ्या कंपनीचं. त्याच्याकडं एखाददुसरा डेंगळा, माझ्याकडं वाफेच्या वाफे. इंदापूरला तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तक्रार निवारण समिती पाहणीला आली तेव्हा दोन्ही रानं पाहा, एवढाच आग्रह धरला. त्यांनी वाफ्यातली झाडं मोजली, कांदे उभे चिरून पाहिले आणि पंचनाम्यात शेजारच्या पिकाचीही नोंद घेतली. कंपनीचं हवामान तिथंच संपलं.

गावातल्या आणखी एकाचं असंच झालं होतं. संतापाच्या भरात त्यांनी उभ्या पिकात रोटर फिरवला. पावती त्यांच्याकडंही होती, पण समितीला दाखवायला पीकच उरलं नाही.

पुढं ग्राहक आयोगात कंपनीनं नेहमीचा मुद्दा काढला: शेतकरी विकण्यासाठी पिकवतो, तो ग्राहक कसला? नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2012 सालीच हा वाद मिटवलाय. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, आणि सगळं बी पेरून टाकलं, तपासणीला नमुना ठेवला नाही, एवढ्यावर त्याची तक्रार फेटाळता येत नाही. तरीही लॉट नंबर असलेली पिशवी जपून ठेवावी. दुकानदाराकडून पावतीवर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्यावा.

माझ्या प्रकरणात आयोगापुढं तडजोड झाली आणि नुकसानीचा मोठा भाग मिळाला.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला पुणे. मुदत 2 वर्षांची. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि इथं धरायची ती बियाण्याची किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही करता येतो, माहितीसाठी 1915 हा क्रमांक आहे. पण हे सगळं नंतरचं. पिकात खोट दिसली की त्याच दिवशी कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या आणि पंचनाम्याची प्रत हाती पडेपर्यंत रान मोडू नका.